वऱ्हाडचा कापूस आखूड का झाला?

दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत प्रयोगाचे साहित्य शोधत फिरावे लागत नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी वेचणी चालू असते, आणि उद्या येताना एकेक बोंड आणा म्हटले की टेबलावर ढीग पडतो. दारव्ह्याकडच्या एका शाळेत आम्ही मुलांना असेच सांगितले होते. त्यांना काम एकच दिले : कापसाचा तंतू किती लांब असतो ते मोजायचे.

मोजण्याची रीत सोपी आहे. बोंडातली एक सरकी कापसासकट सुटी करायची. जुन्या दात घासायच्या ब्रशने तिच्यावरचे तंतू हळूहळू दोन्ही बाजूंना विंचरायचे. सरकी मध्ये आणि तंतू दोन बाजूंना पसरलेले, असे एक पांढरे फुलपाखरू तयार होते. ते काळ्या कागदावर ठेवून सरकीपासून कडेपर्यंतचे अंतर फूटपट्टीने मोजायचे. दाट तंतू जिथे संपतात ती कड धरायची; पुढे आलेले चारदोन चुकार तंतू सोडून द्यायचे.

बहुतेकांची मापे २८ ते ३० मिलिमीटरच्या आसपास आली. एका मुलीचे फुलपाखरू मात्र बुटके निघाले. १८ मिलिमीटरच. "हे त चुकलं वाटते," असे शेजारचा मुलगा म्हणाला. चुकले नव्हते. तिच्या आजीने देवाच्या वातींसाठी परसात गावरान पऱ्हाटीची दोन झाडे राखली होती, त्यातले ते बोंड होते. "पण जुना कापूस आखूड कसा? जुन्या वस्तू त चांगल्या असतात म्हणते आजी," असे तिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर देता देता आम्हाला लँकेशायरपर्यंत जाऊन यावे लागले. तो प्रवास इथे मांडत आहोत.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. विदर्भात झाडाला पऱ्हाटी म्हणतात. बोंडातून वेचला जातो तो सरकीसकटचा कापूस. सरकी काढली की उरते ती रुई. रुई दाबून बांधली की गाठ. शेतकरी विकतो कापूस आणि गिरणी विकत घेते रुई. हा फरक मुलांच्या लक्षात आणून द्यावा, कारण पुढचा सारा गुंता त्यातच आहे.

आता तंतूकडे पाहू. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. बीजाच्या सालीवरच्या काही पेशी फूल उमलते त्या सुमारास बाहेरच्या बाजूला वाढू लागतात. सुमारे तीन आठवडे ही पेशी फक्त लांब होते, जाड होत नाही. नंतर लांबी थांबते आणि आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर बसू लागतात. तंतूची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते आणि लांबी तिच्या हजारपटीहून अधिक. हीच प्रमाणे पेन्सिलीला लावली तर ती दहा मीटर लांब करावी लागेल! बोंड उकलले की आतला रस वाळतो, पोकळ नळी चपटी होते आणि वाळताना तिला पीळ पडतो. शाळेत साधा सूक्ष्मदर्शक असेल तर हे पीळ मुलांना सहज दिसतात. पिळलेले तंतू एकमेकांत अडकतात, म्हणून कापसाचे सूत निघते. सावरीच्या कापसाचा तंतू दिसायला किती सुंदर, पण तो गुळगुळीत आणि बिनपिळाचा असतो. उशीत भरण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग होत नाही.

सूत म्हणजे एकमेकांना धरून बसलेले तंतू. तंतू लांब असला तर तो शेजाऱ्यांना अधिक लांबीभर धरतो, म्हणून थोड्याच तंतूंचे बारीक सूतही टिकते. आखूड तंतूंचे सूत टिकवायचे तर ते जाड ठेवावे लागते किंवा जास्त पीळ द्यावा लागतो. हाताने कातणारी बाई हे सारे बोटांनी सांभाळते. तंतू सुटतो आहे असे वाटले की तिचा हात आपोआप मंदावतो. ढाक्याची जगप्रसिद्ध मलमल देशी कापसाचीच होती, हे इथे सांगून टाकलेले बरे. देशी म्हणजे जाडाभरडा, असे समीकरण मुलांच्या मनात बसू देऊ नये.

यंत्राला बोटे नसतात. सूतगिरणीत रुईचा पेळू रुळांच्या जोड्यांमधून जातो. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वेगाने फिरते, त्यामुळे पेळू ताणला जाऊन बारीक होतो. दोन जोड्यांमधले अंतर तंतूच्या लांबीपेक्षा किंचित जास्त ठेवतात. त्या यंत्रात ठरलेल्या मापापेक्षा आखूड तंतू आले तर काय होईल? मागच्या रुळांनी सोडलेले आणि पुढच्यांनी अजून न पकडलेले तंतू मध्येच तरंगत राहतात. सूत कुठे जाड, कुठे बारीक होते आणि बारीक जागी तुटते. रुळांचे अंतर बदलता येते, पण त्यासाठी यंत्रे थांबवावी लागतात, आणि इतके करूनही आखूड तंतूचे बारीक सूत निघत नाहीच.

इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्यांची यंत्रे अमेरिकन कापसाच्या मापाने बसवलेली होती. तो तंतू साधारण एक इंचाचा, म्हणजे २५ मिलिमीटरचा. १८६० च्या सुमारास त्या गिरण्यांना लागणाऱ्या दर पाच गाठींपैकी जवळजवळ चार अमेरिकेतून, गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यांतून येत. एकाच देशावर इतके विसंबणे धोक्याचे आहे, हे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना कळत होते. १८५७ साली त्यांनी इतर देशांतून कापूस मिळवण्यासाठी कॉटन सप्लाय असोसिएशन नावाची संस्था काढली. तिचा डोळा मुख्यतः हिंदुस्थानावर होता.

आणि हिंदुस्थानात वऱ्हाडावर. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला होता. काळी जमीन, पुरेसा पाऊस, आणि कापूस तर इथे पूर्वापार पिकत होता. यवतमाळ जिल्हा त्या वेळी या नावाने नव्हता. १८६४ नंतर झालेल्या वऱ्हाडच्या वाटणीत हा भाग वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव १९०५ साली आले.

वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाऊ लागला तो मात्र याच्या बराच आधी. १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी पहिला माल पाठवला, तो ५०० बैलांच्या पाठीवर लादून. एकूण वजन १,२०,००० पौंड. मुलांना भागाकार करू द्या : एका बैलावर २४० पौंड, म्हणजे सुमारे १०९ किलो. असे ओझे घेऊन घाट उतरून कोकणपट्टीत जायचे. वाटेत धूळ, मुक्कामाची माती, वळवाचा पाऊस. मुंबईत पोचलेल्या कापसात कचरा किती असेल याची कल्पना करावी. मँचेस्टरचे लोक तो कचरा पाहून शेतकऱ्याला लबाड म्हणत. त्यात लबाडीचा वाटा किती आणि रस्त्याचा किती, हे वजन करून पाहण्याच्या खटाटोपात मात्र फारसे कोणी पडले नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरचा कापूस आटला. लिव्हरपूलच्या बाजारात अमेरिकन कापसाचा जो दर १८६० साली पौंडाला सात पेन्सच्या आत होता, तो १८६४ साली सत्तावीस पेन्सवर गेला. आता हिंदुस्थानी कापूस मिळेल त्या भावाने उचलला जाऊ लागला. तिकडे या सगळ्या मालाला सरसकट 'सुरत' म्हणत, मग तो सुरतेचा असो की वणीचा. गिरणी कामगारांना हा सुरत नकोसा झाला. सूत सारखे तुटे, आणि मजुरी कामाच्या मापाने मिळत असल्यामुळे प्रत्येक तुटलेल्या धाग्याबरोबर त्यांची कमाईही तुटे. त्यांना राग कापसाचा येई. रुळांच्या अंतराची गोष्ट आपल्याला माहीत आहे, म्हणून आपण असे म्हणू की दोष एकट्या कापसाचा नव्हता. एकासाठी बनवलेल्या यंत्रात दुसरा घातला होता.

युद्ध १८६५ साली संपले आणि भाव कोसळले. मुंबईत सट्ट्यावर उभे राहिलेले मोठमोठे व्यवहार बुडाले. वऱ्हाडात मात्र याच सुमारास रूळ आले. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. खामगावच्या कापूसपेठेसाठी जलंबपासून १३ किलोमीटरचा फाटा घातला गेला. १८७० साली त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. एवढ्याशा फाट्याला व्हाइसरॉय! आदल्या वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता आणि मुंबईपर्यंत समुद्री तारही त्याच वर्षी पोचली. लिव्हरपूलचा भाव आता वऱ्हाडात महिन्यांनी नव्हे, लवकरच कळू लागला. लिव्हरपूलच्या दरपत्रकात वऱ्हाडच्या मालाचे नाव होते 'ऊमरा', म्हणजे उमरावती, आपली अमरावती.

यवतमाळ या मुख्य मार्गापासून बाजूला राहिले. इथला कापूस बंड्यांमधून पन्नासेक किलोमीटरवरच्या धामणगाव स्टेशनाकडे जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मूर्तिजापूर–यवतमाळ हा अडीच फुटी अरुंद मार्ग झाला. बांधला तो किलिक निक्सन या कंपनीच्या व्यवस्थेखालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने, आणि मुख्यतः कापसासाठीच. लोकांची 'शकुंतला' ती हीच. १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. ते बनले होते मँचेस्टरमध्ये. पुढे डिझेल इंजिन आले आणि गेल्या दशकात गाडीही थांबली. दारव्ह्याच्या मुलांपैकी कोणी तिच्यात बसलेले नव्हते, पण प्रत्येकाच्या आजोबांजवळ तिच्या गोष्टी होत्या.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. वऱ्हाडचा कापूस मुळातच आखूड होता का? नव्हता. हिंगणघाट आणि वणीकडच्या पट्ट्यात 'बनी' नावाचा देशी कापूस होत असे. तंतू बारीक, रेशमासारखा मऊ आणि देशी कापसात लांब, जवळजवळ अमेरिकन मापाला भिडणारा. लिव्हरपूलमध्ये हिंगणघाट या नावाला ऊमरापेक्षा वरचा भाव होता. दुसरा होता 'जरी'. जाड, आखूड, पण भरपूर पिकणारा आणि लवकर हाती येणारा. मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी १८६० च्या दशकात हॅरी रिव्हेट-कार्नाक नावाचे कापूस कमिशनर नेमले गेले होते. बनीचे चोख बियाणे राखावे, त्यात जरी मिसळू देऊ नये, यासाठी त्यांनी खूप खटपट केली. बियाणे वाटले, प्रदर्शने भरवली. तरी बनी हटत गेला आणि जरी पसरत गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर जरीतलीच एक पांढऱ्या फुलाची, आणखी आखूड तंतूची जात पुढे आली. तिचे नाव 'रोझियम'. तिचे बियाणे तर सरकारी कृषी खात्यानेच वाटले!

म्हणजे साऱ्या जगाचा व्यापार लांब तंतू मागत होता, सरकार त्यासाठी झटत होते, आणि शेतात मात्र तंतू दरवर्षी आखूड होत चालला होता. इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांत याचे एक ठराविक उत्तर सापडते : इथला रयत आळशी आणि अडाणी आहे, त्याला स्वतःचे हित कळत नाही. वर्गातल्या तराजूने हे उत्तर तपासता येते.

शंभर ग्रॅम कापूस घ्यावा. पाटावर तो ठेवून लोखंडी सळईने लाटला की सरकी पुढे निसटते आणि रुई मागे राहते. ही जुनीच रीत आहे. मुलांना दहा मिनिटांत जमते आणि हात दुखू लागले की जिनिंगचे यंत्र का निघाले तेही कळते. मग रुई तोलावी. शंभर ग्रॅमांत जितकी ग्रॅम रुई निघेल तो त्या कापसाचा उतारा. हल्लीच्या संकरित कापसाचा उतारा ३३ ते ३६ च्या दरम्यान येतो. बनीचा उतारा याहून कमी, तिसाच्या आत असे. रोझियमचा चाळिसाच्या घरात. सोयीसाठी २८ आणि ४० धरू.

शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब करा. शंभर किलो बनी कापसात २८ किलो रुई. शंभर किलो रोझियममध्ये ४० किलो. दोन्हींचे सारखेच पैसे व्हायचे असतील तर बनीच्या रुईला किलोमागे किती जास्त भाव मिळायला हवा? चाळीस भागिले अठ्ठावीस, म्हणजे १.४३. जवळजवळ ४३ टक्के अधिक. त्यावर बनीचे पीक उशिरा येणारे, एकरी कमी, आणि पाऊस लवकर गेला तर दगा देणारे. काळ्या जमिनीत मर रोग येई, त्यालाही रोझियम अधिक टिके. हे सारे मिळवले तर बनीला दुपटीच्या आसपास भाव हवा. असा भाव लिव्हरपूलमध्येही मिळत नव्हता. वणीच्या बाजारात तर नव्हताच. आम्ही सातवीच्या वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडला आणि विचारले, तुम्ही काय पेराल? पंचेचाळीस मुलांपैकी एकानेही बनी म्हटले नाही.

यात आणखी एक मेख आहे. समजा, एखाद्याने हौसेने चोख बनी पिकवला. बाजारात अडत्या बोंड हातात घेई, चिमटीत तंतू ओढून पाही आणि उताऱ्याचा अंदाज बांधी. पुढे तो माल जिनात जाऊन दहा शेतकऱ्यांच्या मालात मिसळे. गाठीत लांब-आखूड सारे एक होई. लिव्हरपूलचा गिऱ्हाईक अशा गाठीला लांब तंतूचा भाव का देईल? आणि तो देत नाही म्हटल्यावर व्यापारी शेतकऱ्याला कशासाठी देईल? लांबी फक्त शेवटच्या टोकाला, गिरणीत मोजली जाई. वजन प्रत्येक टप्प्यावर मोजले जाई. हजारो मैलांच्या साखळीत जे मोजले जाते तेच टिकते, असे आम्हाला वाटते.

सरकीचेही तसेच झाले. घरी चरकीवर सरकी काढली जात होती तोवर बियाणे शेतकऱ्याच्या हातात होते. चांगल्या झाडांचे बोंड तो वेगळे ठेवू शके. वाफेवर चालणारे जिन आले आणि सरकी तिथेच ढिगात जमू लागली. पेरणीच्या वेळी त्याच ढिगातली सरकी परत शेतात येई. या मिश्रणाचे पुढे काय होते, हा एक सुंदर खेळ आहे आणि तो कागद-पेन्सिलीने खेळता येतो.

समजा, १०० बियांत ९५ बनी आणि ५ जरी. जरीचे झाड बनीच्या दीडपट सरकी देते असे धरू. आकडा आम्ही खेळासाठी घेतला आहे. कोणीही निवड करत नाही, आलेली सरकी जशीच्या तशी पेरली जाते. पहिल्या वर्षानंतर जरीचे बनीशी प्रमाण दीडपट होते, दुसऱ्या वर्षानंतर आणखी दीडपट. मुलांनी वर्षावर्षाचे टक्के काढावेत. सातव्या वर्षी जरी ४७ टक्क्यांवर येतो आणि आठव्या वर्षी ५७ वर, निम्म्याच्या पार. कोणी भेसळ केली नाही, कोणी फसवले नाही. फक्त निवडणारा हात निघून गेला. डार्विनची नैसर्गिक निवड शिकवताना जिराफाच्या मानेपेक्षा हे उदाहरण आम्हाला अधिक जवळचे वाटते. जरी म्हणजेही एक जात नव्हतीच. पिवळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या अनेक प्रकारांचे ते मिश्रण होते आणि त्यातूनच सर्वांत जास्त उतारा देणारे रोझियम वेगळे काढले गेले.

सरकारचे सुरुवातीचे उपाय मुख्यतः दंडाचे होते. मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा झाला. आडातच नाही ते पोहऱ्यात कायद्याने कसे येणार? त्या मानाने वऱ्हाडातल्या बाजारांचे नियमन अधिक शहाणपणाचे म्हणावे लागेल. कारंजा इथे १८८६ साली आणि पुढे १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडभर कापूस-बाजारांत वजनमापे, दलाली यांना नियम लागले. देशातल्या नियमन केलेल्या बाजारांचा आरंभ इथला मानतात.

मग हा आखूड कापूस घेत कोण होते? लँकेशायरने युद्धानंतर पुन्हा अमेरिकेकडे तोंड फिरवले. पण युरोपातल्या इतर देशांच्या गिरण्या, पुढे जपानच्या, आणि मुंबई-नागपूरच्या आपल्या गिरण्या जाड सूत काढत होत्या. त्यांची यंत्रे आखूड तंतूला जुळवलेली होती. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ साली सुरू झाली, ती याच कापूसपट्ट्याच्या मध्यावर. या गिऱ्हाइकांना ऊमरा चालत होता आणि स्वस्त हवा होता. थोडक्यात, रोझियम पेरणाऱ्या शेतकऱ्याने बाजार बरोबर ओळखला होता. मँचेस्टरच्या कैफियती मोठ्या आवाजात होत्या, म्हणून त्याच आपल्यापर्यंत पोचल्या.

याचा अर्थ शेतकरी सुखी होता असा मात्र नाही. कापूस रोखीचे पीक. सारा रोखीत भरायचा, सावकाराचे देणे रोखीत फेडायचे, म्हणून ज्वारीच्या जमिनीत कापूस चढत गेला. पाऊस गेला की कापूसही गेला आणि खायला ज्वारीही नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ वऱ्हाडला असे झोडपून गेले. रूळ होते, धान्य आणता येत होते. विकत घ्यायला हातात पैसा नव्हता. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढायची ती दीड लाखाच्या आसपास घटली. भूगोलाच्या तासाला कापसाला 'पांढरे सोने' म्हणताना हे दोन आकडे फळ्यावर लिहून ठेवावेत.

लांब तंतू वऱ्हाडात परत आला, पण त्याला वेळ लागला. १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी झाली. तिची तंतू तपासणारी प्रयोगशाळा १९२४ साली माटुंग्याला सुरू झाली. आता लांबी आणि मजबुती यंत्रावर मोजून जात ठरवता येऊ लागली. १९२३ च्या कायद्याने एका भागातला हलका कापूस मिसळण्यासाठी दुसऱ्या भागात नेण्यावर बंदी घालता येऊ लागली. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आली. म्हणजे लांबीचे मोजमाप शेवटच्या टोकाकडून थोडे अलीकडे सरकले. त्यानंतर मर रोगाला टिकणारे आणि बऱ्या तंतूचे 'व्हेरम २६२' सारखे वाण वऱ्हाडात पसरू शकले. तरी १९४७ साली देशातला बहुतेक कापूस देशीच होता. फाळणीत लांब तंतूचा सिंध-पंजाब पलीकडे गेला, गिरण्या इकडे राहिल्या आणि अमेरिकन जातींवर भर आला. १९७० मध्ये एच-४ हा संकरित वाण, २००२ मध्ये बीटी. आज यवतमाळच्या शेतात गावरान पऱ्हाटी शोधावी लागते. वर्गातली ती ३० मिलिमीटरची फुलपाखरे अशी आली.

लांबी वाढली, वजनकाट्याची गोष्ट फारशी बदलली नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम तंतूच्या कापसाला क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब तंतूच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. फरक ४०० रुपयांचा, म्हणजे पाच टक्क्यांच्या थोडा वर. फळ्यावरच्या ४३ शेजारी मुलांनी हा ५ लिहून ठेवला आहे. काटा कापसाचे वजन दाखवतो. त्यात रुई किती आणि सरकी किती, हे काट्यावर दिसत नाही. "मंग आमच्या कापसाचा उतारा मोजते कोण?" हा पुढचा प्रश्न वर्गातून आलाच. बाजार समितीच्या आवारात एक सहल काढून तो तिथल्याच माणसांना विचारावा असे ठरले आहे.

हे प्रयोग करणाऱ्यांसाठी दोन सूचना. तंतू विंचरताना कापूस कोरडा असावा, पण उन्हात तापवून कडक केलेला नको. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे कापसाचे वजन बदलते, म्हणून उतारा काढताना कापूस आणि रुई एकाच दिवशी तोलावी. (सकाळी आणि भर दुपारी तोच कापूस तोलून पाहण्यासारखा आहे.) दुसरी सूचना सरकीबद्दल. सळईने काढलेली सरकी फेकू नये. तिला रंग आणि औषध लावलेले नसते, त्यामुळे मुलांनी हाताळायला हरकत नाही. जूनमध्ये शाळेच्या कडेला दहा-बारा बिया लावाव्यात. संकरित कापसाची ही पुढची पिढी असल्यामुळे सगळी झाडे सारखी निघणार नाहीत. बोंडे फुटली की प्रत्येक झाडाचे फुलपाखरू वेगळे मोजावे आणि शेजारी, मिळाले तर, एखादे गावरान झाडही असू द्यावे. मापांचे तक्ते आमच्याकडे पाठवलेत तर एकत्र करून छापू.